सोंडवाडीची चौसष्ट माणसं

“गुरुजी, त्या कागदात माझं नाव घालू नका.”

कौसल्या परसात शेणी रचत होती. मे महिना सरत आला होता आणि पावसाच्या आधी शेणी-लाकडं आत घ्यायची घाई साऱ्या वाडीला होती. मी राघू शेलाराच्या ओट्यावर बसून त्याच्या घरातली माणसं लिहून घेत होतो. राघू, त्याची बायको कमळ, तीन मुलं आणि म्हातारी आई तान्हूबाई. ही सहा झाली. सातवी ही, राघूची धाकटी बहीण. तिच्या नावाचं पहिलं अक्षर मी काढलंही होतं.

“का बरं?” मी विचारलं.

“हा कागद जाणार कुठं?”

“तालुक्याला. मामलेदार कचेरीत.”

“तिथं आमच्या मालकांचा चुलतभाऊ शिपाई हाय.” ती माझ्याकडे न बघता बोलत होती. “मी इथं हाय हे त्याला कळलं की चार दिसांत माणसं येतील न्यायला. मागं एकदा आली होती.”

तिचं उजवं कोपर सरळ होत नसे. हात अर्धा दुमडलेलाच राही. तो कशानं तसा झाला हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं, आणि कोणी त्यावर बोलत नसे. आतून तान्हूबाईचा आवाज आला, “लिहू नका गुरुजी. ती सासरी नांदतीय असंच सांगितलंय आम्ही भाईर.”

मी ते अक्षर खोडलं.

त्या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. तेव्हा मी कुसाळ्याच्या शाळेवर शिक्षक होतो, वय अठ्ठेचाळीस, एकटा माणूस, शाळेमागच्या खोलीत राहणारा. सोंडवाडी कुसाळ्यापासून वीस मिनिटांवर, एक खिंड ओलांडून पलीकडे. डोंगराची एक सोंड खाली उतरली होती आणि तिच्या पायथ्याशी अकरा घरं. आदल्या पावसाळ्यात त्या सोंडेला वर लांबच लांब भेग पडली. शहरातून भूगर्भाची माहिती असणारे दोन साहेब आले, त्यांनी भेग मापली आणि सांगितलं की वाडी हलवायला हवी, पण ते होईपर्यंत प्रत्येक पावसाळ्यात माणसं सावध पाहिजेत. झऱ्याचं पाणी तांबडं झालं, की एक क्षण थांबायचं नाही, उठायचं आणि कुसाळ्याच्या शाळेत यायचं. माणसांची यादी करायची, सराव घ्यायचा, आणि त्या दिवशी नावं वाचून माणसं मोजायची. हे काम माझ्याकडे आलं. माझं अक्षर चांगलं होतं आणि मला नाही म्हणता येत नसे. दुसरं कारण नव्हतं.

“पण पळायची वेळ आली तर?” मी कौसल्येला विचारलं. “तुम्ही शाळेत येणार ना?”

“शाळेत कचेरीची माणसं असतील.”

मी विचार केला, आणि तोडगा सुचल्यावर स्वतःवरच जरा खूश झालो. “असं करा. सगळे पुढे गेले की मागून या. शाळेत येऊच नका, शाळेमागच्या भैरोबाच्या देवळात बसा. मी कुणाला सांगणार नाही.”

ती पहिल्यांदा हसली. “बरं झालं. मला गर्दी सोसतच न्हाई.”

“मलाही,” मी म्हणालो.

त्या दिवशी यादी पुरी झाली. चौसष्ट माणसं.

जूनच्या सुरुवातीला, पाऊस लागायच्या आत, मी दोन सराव घेतले. पहिला सराव फसला. उमाजी सकपाळाच्या दारात टांगलेला रुळाचा तुकडा वाजवला, तरी माणसं वाडीतून हलायलाच पाऊण तास गेला. प्रत्येकजण आधी गोठ्यात शिरला होता.

“अहो, आधी माणसं,” मी म्हणालो. “गुरं मागून बघू.”

“गुरुजी, तुमच्या दारात म्हस असती म्हंजी कळलं असतं,” उमाजी म्हणाला. वाडीत बोलायला तो पुढे असे. “माझी बायको मागं राहिली तर वाट काढील. उलट मलाच शोधत येईल. म्हस बांधलेली राहिली तर कोण वाट दावणार तिला?”

“सोडणार तर तुझी बायकोच ना? मग तिलाच ठेव मागं,” कोणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. मी जी काही पुस्तकं आणि पत्रकं मिळवून वाचली होती त्यांत म्हशींबद्दल एक ओळ नव्हती.

दुसऱ्या सरावाला मात्र नवल झालं. तुकडा वाजला आणि माणसं सरळ वाटेला लागली. रुळावर पहिला टोला पडल्यापासून शेवटचं माणूस शाळेत यायला पंचवीस मिनिटं. आणि त्यांच्या मागोमाग गुरंही आली, सगळी, मोकळी.

“हे कसं जमलं?” मी उमाजीला विचारलं.

“कौशी मागं राहतीच ना? तिला म्हटलं, तुमची सोडणारच हायेस तर आमची बी सोड. मग शेजारनीनं सांगितलं. मग काय, समद्यांनीच सांगितलं. पोरगी गुणाची. अकरा गोठं अर्ध्या घटकेत मोकळं केलं तिनं.”

मी वहीत लिहिलं, पंचवीस मिनिटं, आणि त्याखाली रेघ ओढली.

थोड्या वेळानं मी देवळाकडे चक्कर टाकली. ती आली होती. डाव्या अंगाच्या खांबाशी, रस्त्याकडे पाठ करून बसली होती. चांगलं काम केलंत, असं म्हणावं असं मनात आलं. पण बाई एकटी बसलेली, समोर गुरवाचं घर, आणि बोलायला जायचं म्हणजे हाक काय मारायची इथपासून माझी तयारी. मी पायरीवरूनच परतलो.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पाच दिवस पाऊस थांबला नाही. शाळेला सुट्टी दिली होती. सहाव्या दिवशी तालुक्याहून मंडळ अधिकारी घोलप साहेब पाच जवान पोरं आणि दोरखंड घेऊन कुसाळ्यात येऊन बसले. दुपारी साडेबाराला उमाजीची बायको घागर घेऊन झऱ्यावर गेली आणि रिकामी घागर तिथंच टाकून धावत आली. पाणी तांबडं होतं. रुळाचा आवाज पावसात खिंडीपलीकडून येणं शक्य नव्हतं. पण एकच्या सुमाराला खिंडीत माणसांची रांग दिसली आणि मला उगीच आनंद झाला. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

शाळेच्या मोठ्या वर्गात ती सगळी भिजून बसली. मी दारात उभा राहून नावं वाचली.

“उमाजी बाळू सकपाळ.”

“हजर गुरुजी. पाटी तेवढी घरी राहिली.”

बायका हसल्या. भीती होती, पण तिच्यावर हसायला लोक तयार होते. मी शेवटचं नाव वाचलं, हजर ऐकलं, आणि खूण केली.

“सगळे?” घोलप साहेबांनी विचारलं.

“चौसष्ट, साहेब.”

“नीट सांगा गुरुजी. ही पाच पोरं दोर घेऊन उभी आहेत. कुणी मागं राहिलं असेल तर आत्ता जातील. अर्ध्या तासानं मी एकालाही खिंडीपलीकडे पाठवणार नाही.”

तेवढ्यात तान्हूबाईनं माझा सदरा ओढला. मी वाकलो. ती कुजबुजली, “पोरगी पोचली असंल का वो देवळात? मला जिवाला बरं वाटंना.”

राघू बाजूलाच बसला होता. त्यानं नुसतं माझ्याकडे पाहिलं. साहेबांसमोर तो तिचं नाव काढणार नव्हता, आणि मीही नाही.

“दोन मिनिटं, साहेब,” म्हणून मी बाहेर पडलो.

पावसानं समोरचं धड दिसत नव्हतं. देवळाच्या पायरीशी पोचलो. डाव्या अंगाच्या खांबाशी, रस्त्याकडे पाठ करून, डोक्यावरून गोणपाटाची खोळ घेतलेली बाई बसली होती. पत्र्यावर पाऊस इतका आदळत होता की हाक मारायची तर ओरडावं लागलं असतं. किंवा सात-आठ पावलं आत जावं लागलं असतं. या बावीस वर्षांत मी ती पावलं पुष्कळदा मोजली आहेत. आठच होती.

मी पाठीवरूनच ओळखली आणि परतलो.

“सगळे आले, साहेब,” मी म्हणालो.

पोरांनी दोर खाली ठेवले. कोणीतरी त्यांच्या हातात चहा दिला. मी तान्हूबाईजवळ बसून हळू सांगितलं, “देवळात आहे. मी पाहिलं.” म्हातारीनं माझ्यावरून दोन्ही हात उतरवून कानशिलावर बोटं मोडली.

थोड्या वेळानं रस्त्यावर गुरं दिसली. आधी दोन म्हशी, मग एक गाय आणि वासरू. खिडकीशी गर्दी झाली.

“ती बघा, आमची मोरी,” एक बाई म्हणाली. “लंगडत लंगडत आली बया.”

“माझी अजून न्हाई,” उमाजी म्हणाला. “तिचं आपलं सावकाश. मालकिणीवर गेलीय.”

दहा-बारा मिनिटांनी आणखी चार आली. मग बऱ्याच वेळानं बैलांची एक जोडी. लोक आपापली गुरं ओळखून बाहेर जात होते, ओल्या पाठीवर हात फिरवत होते. मी खिडकीतून पाहत होतो, आणि मला कशाचा तरी मेळ लागत नव्हता. सरावाच्या दिवशी गुरं एकदम, एका लोंढ्यानं आली होती आणि त्यांच्या मागून ती. आज गुरं अजून येत होती आणि ती मात्र केव्हाच पोचली होती.

मी बाहेर गेलो. उमाजीची म्हैस आली होती. तिच्या गळ्यात दाव्याचा वीतभर तुकडा लोंबत होता.

“हे कापलंय का?” मी विचारलं.

“कापणारच की. भिजलं म्हंजी दाव्याची गाठ दगड होती. सुटती व्हय? त्यात तिचा त्यो हात...” तुकड्याचं टोक बोटांत धरून उमाजी बोलता बोलता थांबला. विळ्याच्या दातांनी चरत चरत कापलेलं टोक होतं ते. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मी त्याच्याकडे.

दोन्ही सराव आम्ही कोरड्या दिवसांत घेतले होते.

मी देवळाकडे धावलो. त्या वेळी ती आठ पावलं गेलो. खांबाजवळच्या बाईनं खोळ मागे सारून पाहिलं. गुरवाची बायको होती.

“काय वो गुरुजी?” ती म्हणाली. “घर गळतंय म्हणून बसले हितं.”

त्यानंतर मी ओरडलो हे मला लोकांनी मागाहून सांगितलं. वर्गात शिरून सगळ्यांसमोर, घोलप साहेबांसमोर, तिचं पूर्ण नाव घेऊन ओरडलो. साहेबांनी सांगितलेला अर्धा तास उलटून गेला होता, तरी त्यांनी पोरांना नुसती मान हलवली. पोरं दोर उचलून पळाली. त्यांच्या पुढे राघू होता. मी सगळ्यांच्या मागे.

खिंडीत पोचलो तेव्हा ती सगळी थांबलेली होती. खाली सोंडवाडी दिसत होती. अकरांपैकी दहा गोठ्यांची दारं उघडी होती. राघूचा गोठा खालच्या टोकाला, तेवढा बंद होता. स्वतःच्या घरची गुरं तिनं शेवटाला ठेवली होती.

“कौशे,” राघूनं हाक मारली. पाऊस एवढा होता की ती मला पाच हातांवर अस्पष्ट ऐकू आली.

मला वाटायचं डोंगर खाली येतो तो एकदम कोसळतो. तसं झालं नाही. आधी वरची झाडं चालू लागली. उभीच्या उभी, हळूहळू, जशी माणसं उतारावरून जपून उतरतात. मग सगळी सोंड त्यांच्या मागून आली. एका पोरानं राघूला कमरेला धरून ठेवलं होतं. आवाज कसा होता ते मला सांगता येत नाही. थांबला तेव्हा खाली घरं नव्हती, आणि शेतंही नव्हती.

राघू माझ्याकडे वळून म्हणाला, “गुरुजी, तुम्ही तर देवळात पाहिली म्हणालात.”

“पाठ पाहिली,” मी म्हणालो. “हाक मारली नाही.”

त्यानं मारलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

तीन दिवस माती उपसली. राघूचे बैल सापडले नाहीत, तीही सापडली नाही. चौथ्या दिवशी घोलप साहेबांनी काम थांबवलं आणि शाळेतल्या टेबलाशी कागद घेऊन बसले. मी त्यांना सगळं सांगितलं.

“यादीत हे नाव नाही,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, झोप न झालेल्या माणसाचा थकवा होता. “यादी तुमच्याच अक्षरात आहे. देह नाही. आणि तिची आई काय म्हणते ऐकलंत?”

मी ऐकलं होतं. तान्हूबाई त्या तीन दिवसांत रडली नव्हती. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, “माझी पोरगी वाचली. गुरुजींनी तिला देवळात पाहिली. तिथनं ती घाटानं खाली उतरली असंल. कचेरीची माणसं बघून थांबती व्हय ती? शहाणी हाय. कुठं तरी कामाला लागली असंल.” मेल्याच्या कागदावर अंगठा द्यायला तिनं साफ नकार दिला होता.

“मी चुकलो असं लिहा,” मी साहेबांना म्हणालो.

“तसा रकाना नाही, गुरुजी.”

त्या संध्याकाळी मी म्हातारीला खरं सांगायचं ठरवून निघालो. राघूनं मला वर्गाच्या दाराबाहेरच अडवलं.

“आईला सांगू नका,” तो म्हणाला.

“राघू, तिला कधीतरी कळेलच.”

“तिच्याजवळ आता तेवढंच हाय. घर न्हाई, दार न्हाई. त्येवढं राहू द्या.”

अहवालात लिहिलं गेलं की सोंडवाडीतली सर्व चौसष्ट माणसं वेळेवर हलवली, जीवितहानी नाही. पुढच्या वर्षी डोंगराखालच्या इतर गावांनी तयारी कशी करावी हे सांगायला मला बोलावू लागले. मी गेलो. चार माणसांपुढे बोलताना माझी जीभ आजही अडते, पण गेलो. घराबाहेर कोण झोपतं, माहेरी कोण आलंय, कुणाचं नाव सांगायचं नाही असं घरात ठरलंय, ते विचारा, असं सांगत असे. सराव भर पावसात घ्या. दावी भिजवा, मग सोडून बघा. लोक हसत. “गुरुजी, दावी कशाला भिजवायची?” असं एकानं विचारलं होतं. “भिजवून बघा,” एवढंच मी म्हणालो.

वाडीला नवीन जागा मिळाली, कुसाळ्याच्या माळावर. निवृत्त होऊन मी वाईला राहायला आलो, तरी दर वर्षी दिवाळीनंतर एकदा तान्हूबाईला भेटायला जात असे. ती बाजेवर बसलेली असे. नजर अधू झाली होती. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलणं व्हायचं, आणि मग ती विचारायची,

“देवळात बसली होती तवा अंगावर काय होतं वो तिच्या?”

“खोळ होती.”

“ती झाली. खोळीखाली?”

मी काहीतरी सांगायचो. ती मान हलवायची आणि विषय बदलायची.

अकराव्या वर्षी गेलो तेव्हा ती फारच वाळली होती. कमळनं तिला आधार देऊन उठवलं आणि चहा करायला आत गेली. म्हातारीनं नेहमीसारखं विचारलं. मी म्हणालो, “जांभळी साडी होती.”

मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हणालो, “जांभळी.”

“गेल्या साली निळी म्हणालात,” ती म्हणाली. “त्याच्या आदल्या साली हिरवी.”

मला ओट्यावरून उठून जावंसं वाटलं. आत भांड्यांचा आवाज येत होता.

“केव्हापासून कळलंय?” मी विचारलं.

“पैल्यापासनं. पोरगी आली असती तर माझी गुरं आली असती.”

मी तिच्या पायांशी हात नेला. तिनं तो बाजूला सारला आणि बाजेवर सरकून मला जागा करून दिली.

“बसा हितं,” ती म्हणाली. “साडीचं राहू द्या. कुठल्या अंगाला बसली होती, ते सांगा.”

“डाव्या अंगाला. खांबाशी.”

“तोंड?”

“देवाकडे.”

“आणि?”

ती वाट पाहत होती.

“आणि पाऊस लागत नव्हता तिला,” मी म्हणालो. “तिथं कोरडं होतं.”

म्हातारीनं डोळे मिटून सावकाश मान हलवली.

“हां,” ती म्हणाली. “एवढंच सांगत जावा.”